पटावरील तोफ आणि रणांगणावरील तोफ

लढाईचे खेळ मुलांना पूर्वींपासून प्रिय आहेत. दिवाळींत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणें, काठीची तरवार करणें, बुद्धिबळाच्या पटावर राजा कोंडणें, हे सर्व त्याच आवडीचे प्रकार होत. हल्लीं त्यांत संगणकावरील व मोबाइलवरील युद्धखेळांची भर पडली आहे. लोणखेडा व त्याला लागून असलेलें शहादा येथील विद्यार्थ्यांच्या घरींहि हे खेळ पोहोंचले आहेत, आणि या खेळांतील मोठें लाडकें शस्त्र म्हणजे तोफ. याचें कारण उघड आहे. पडद्यावर बोट टेकावें, कीं दूरच्या शत्रूवर गोळे कोसळतात. दारूगोळा वाहून आणावा लागत नाहीं, वाट पाहावी लागत नाहीं, आणि चुकून आपलेंच माणूस मेलें असें सहसा घडत नाहीं.

खेळ तो खेळच, त्यांत खरेंखोटें कसलें, असें कोणी म्हणेल. परंतु जो खेळ युद्धाचा म्हणून मिरवतो, तो युद्धाविषयीं कांहीं ना कांहीं शिकवितोच; आणि तें शिक्षण खोटें असेल, तर शिकणाराचें नुकसान होतें. म्हणून खेळांतील तोफ खरी कशी ओळखावी, याच्या पांच खुणा आम्ही या पाठांत देत आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत इतकेंच कीं, धूर व आवाज हुबेहूब साधल्यानें तोफ खरी ठरत नाहीं. ती खेळाडूस कोणत्या अडचणींत घालते, यावरून ती खरी किंवा खोटी ठरते.

जुने पट

आपल्या बुद्धिबळांत हत्ती, घोडा, उंट, वजीर व प्यादीं आहेत, तोफ नाहीं. तो खेळ जन्मास आला तेव्हां तोफेचा जन्म व्हावयाचा होता. चिनी लोकांच्या बुद्धिबळांत मात्र तोफ आहे, आणि तिची चाल मोठी मार्मिक आहे. एरवीं ती सरळ रेषेंत चालते; पण मारावयाचें झाल्यास तिच्या व शत्रूच्या मध्यें एक मोहरा असावाच लागतो, मग तो आपला असो वा परक्याचा. त्याच्या डोक्यावरून ती मारा करिते. मधल्यावरून पलीकडे मारणें, हा तोफेचा विशेष त्या जुन्या खेळणारांनीं बरोबर हेरला होता, असें म्हणावें लागतें.

युद्धाचा अभ्यास म्हणून खेळल्या जाणाऱ्या खेळास खरें वळण लावलें तें प्रशियाच्या तोफखान्यांतील राइसविट्झ नांवाच्या एका तरुण अधिकाऱ्यानें. त्याच्या वडिलांनीं असा एक खेळ आधींच रचला होता. त्यांत सुधारणा करून मुलानें तो इ. स. १८२४ मध्यें पुढें आणला. त्यांत चौकटींच्या पटाऐवजीं खराखुरा नकाशा घेतला होता. प्रत्येक चाल दोन मिनिटांची मानली जाई. दोन्ही पक्षांच्या मध्यें एक पंच बसे. शत्रूच्या ज्या तुकड्या खरोखर दिसण्याजोग्या असतील, त्याच तो खेळाडूस दाखवी. गोळ्यांचा परिणाम पल्ल्याप्रमाणें कोष्टकावरून व फांशावरून ठरे. प्रशियाचे सेनाधिकारी फॉन म्युफ्लिंग यांनीं हा खेळ पाहून, हें युद्धाचें शिक्षणच होय, असा अभिप्राय दिल्याचें प्रसिद्ध आहे. त्यांना तो आवडला तो मौजेचा म्हणून नव्हे; अडचणींचा हिशेब ठेवणारा म्हणून.

पहिली खूण : डोळा

पानिपतावर किंवा असईवर गोलंदाजाला शत्रु आपल्या डोळ्यांनीं दिसत असे. विसाव्या शतकांत तोफ टेकडीच्या आड गेली. तेव्हांपासून तोफ डागणारास आपलें लक्ष्य बहुधा दिसत नाहीं. तोफेचा डोळा तोफेपाशीं नसून कित्येक किलोमीटर पुढें, पायदळाच्या बरोबर चालणाऱ्या निरीक्षक अधिकाऱ्यापाशीं असतो. तो नकाशावरून लक्ष्याची जागा काढतो आणि टेलिफोनवरून किंवा बिनतारी यंत्रावरून मागें कळवितो. मागें हिशेब होतो, तोफेचें तोंड किती वळवावें व किती उचलावें हें ठरतें, आणि मग गोळा सुटतो. हें शास्त्र आपल्याच उत्तर महाराष्ट्रांत, नाशिकजवळ देवळाली येथील तोफखान्याच्या विद्यालयांत, भारतीय सेनेच्या अधिकाऱ्यांस शिकविलें जातें.

म्हणून ज्या खेळांत पडद्यावर दिसणाऱ्या कोणत्याहि जागीं तोफ डागतां येते, तो खेळ पहिल्याच परीक्षेंत नापास होतो. निरीक्षक मेला किंवा त्याचें यंत्र बिघडलें, तर खरी तोफ धड असूनहि आंधळी होते. इ. स. २००० मध्यें निघालेल्या 'कॉम्बॅट मिशन' या दुसऱ्या महायुद्धावरील संगणकखेळांत ही गोष्ट सांभाळली आहे. तेथें निरीक्षक हा एक वेगळा मोहरा आहे. त्याच्या वाट्याचे गोळे मोजके आहेत. त्यानें मागणी केल्यावर गोळे येण्यास वेळ लागतो. आणि जी जागा त्यास दिसत नाहीं, तेथें मारा विस्कळित पडतो. असे खेळ थोडे, परंतु आहेत.

दुसरी खूण : काळ

निरीक्षकाचा पहिला गोळा लक्ष्यावर पडेलच असें नाहीं. तो बहुधा पुढें किंवा मागें पडतो, आणि मग दुरुस्ती करावी लागते. या दुरुस्तीची एक जुनी रीत आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांस आवडेल. समजा, पहिला गोळा लक्ष्याच्या पलीकडे पडला. निरीक्षक सांगतो, '४०० मीटर अलीकडे घ्या.' दुसरा गोळा लक्ष्याच्या अलीकडे पडला. म्हणजे लक्ष्य या दोहोंच्या मध्यें सांपडलें. आतां अर्धें करावयाचें : २०० मीटर पलीकडे. गोळा पुन्हां लक्ष्याच्या पलीकडे पडला. १०० मीटर अलीकडे. तो अलीकडे पडला. ५० मीटर पलीकडे. आतां उरलेली चूक ५० मीटरांच्या आंतच असली पाहिजे, म्हणून सर्व तोफांनीं मिळून मारा करावयाचा. प्रत्येक वेळीं निम्मे करीत जाणें, एवढेंच यांतील मर्म.

परंतु या पांच वेळांना काळ लागतो. निरोप, हिशेब, तोफ वळविणें आणि गोळ्याचा प्रवास मिळून एका वेळेस एक मिनिट धरलें, तरी पांच मिनिटें झालीं. लांबच्या पल्ल्याला गोळा हवेंतच अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ असतो. या पांच मिनिटांत ताशीं ३० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार अडीच किलोमीटर पुढें गेलेली असते. तेव्हां खरा प्रश्न शत्रु कोठें आहे हा नसून, गोळा पडेल तेव्हां तो कोठें असेल, हा आहे. बोट टेकल्याबरोबर गोळा पाडणारा खेळ मुलांकडून हा विचारच काढून घेतो.

सर्व सैन्यांचा काळ सारखाहि नसतो. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजी पद्धतीच्या तोफखान्यांत पुढें असलेला निरीक्षक अधिकारी तोफांना थेट हुकूम देऊं शके, आणि एका इशाऱ्यावर रेजिमेंटच्या २४ तोफा एकाच लक्ष्यावर वळत. इतरत्र निरीक्षकानें मागणी करावी व मागच्या केंद्रानें ती मान्य करावी, अशी रीत होती. ज्या खेळांत हा भेद नाहीं, त्यांत सैन्यांचे झेंडे निराळे असले, तरी सैन्यें एकच आहेत.

तिसरी खूण : नेम

एकच तोफ, एकच दारू, एकच कोन. तरी दोन गोळे एका ठिकाणीं पडत नाहींत. वारा बदलतो, नळी झिजते, दारूचें उष्णमान कमी-अधिक होतें. आमच्या खानदेशांतील वैशाखाची दुपार आणि पौषाची पहाट यांत केवढें अंतर आहे, तें वाचकांस ठाऊकच आहे. तापलेली हवा विरळ असते व तापलेली दारू जोरानें जळते; म्हणून त्याच तोफेचा गोळा उन्हाळ्यांत अधिक लांब जातो. तोफखान्यास हवामानाची माहिती लागते ती याचकरितां.

या बाबतींत आपल्या इतिहासांतील एक धडा कडू आहे. दिनांक १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना अवजड व नांवाजलेला होता. त्या दिवशीं शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराज पंडितानें लिहून ठेवलें आहे कीं, मराठ्यांच्या मोठ्या तोफांचीं तोंडें सहज खालीं-वर करतां येत नसल्यामुळें त्यांचे गोळे लवकरच समोरच्या सैन्याच्या डोक्यांवरून जाऊन फार मागें पडूं लागले. तोफ मोठी होती, आवाज मोठा होता. परंतु शत्रु जवळ आला आणि नेम तेथेंच राहिला. ज्या खेळांत मोठी तोफ म्हणजे सदैव मोठा परिणाम असा हिशेब असतो, त्यानें पानिपताचा हा धडा वाचलेला नसतो.

चौथी खूण : भार

आजच्या १५५ मिलिमीटर तोफेचा एक गोळा सुमारें ४३ किलो वजनाचा असतो. सिमेंटच्या पिशवीहून थोडा कमी, असें समजावें. असे १०० गोळे म्हणजे ४,३०० किलो, आणि त्यांत दारूचें वजन धरलेलें नाहीं. हे सर्व कोणीतरी वाहून आणलें पाहिजे. इ. स. १९९९ च्या कारगिल युद्धांत भारतीय तोफखान्यानें सुमारें अडीच लाख तोफगोळे, बाँब व रॉकेटें डागलीं, असें सांगितलें जातें. त्या प्रत्येकामागें डोंगरांतील अरुंद रस्त्यावरून चाललेली एक गाडी आणि ती हांकणारा एक मनुष्य होता.

जुन्या काळीं हा भार बैलांवर असे. पानिपतावर अवजड तोफा जागच्या जागीं राहिल्या. उलट अब्दालीच्या सैन्यांत उंटांच्या पाठीवर बसविलेल्या सुतरनाळा होत्या. त्यांचा गोळा लहान, परंतु त्या हव्या तेथें नेतां येत. दिनांक २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आजच्या जालना जिल्ह्यांतील असई येथें शिंदे व भोसले यांच्या सैन्याशीं जनरल वेलस्लीची लढाई झाली. त्या दिवशीं शिंद्यांच्या तोफखान्यानें इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैलच मारून टाकले. बैल मेले, तोफा रुतल्या; वेलस्लीस तोफांवांचून पायदळ पुढें घालावें लागलें. शिंद्यांचे गोलंदाज तोफेपाशीं शेवटपर्यंत उभे राहिले. कित्येक मेल्याचें सोंग करून पडून राहिले, आणि इंग्रजांची फळी पुढें जातांच उठून त्यांनीं त्याच तोफा तिच्या पाठीवर डागल्या. लढाई इंग्रजांनीं जिंकली; परंतु त्यांचीं दीड हजारांहून अधिक माणसें मारलीं गेलीं, घायाळ झालीं किंवा हरवलीं. तोफ म्हणजे निव्वळ नळी नव्हे. तिच्यामागें बैल आहेत, गाडी आहे, आणि जीव धरून उभीं राहिलेलीं माणसें आहेत. ज्या खेळांत गोळे संपत नाहींत आणि तोफेस हलावयास वेळ लागत नाहीं, त्यांत हें कांहींच उरत नाहीं.

पांचवीं खूण : आपलीं माणसें

गोळ्याला आपपर भाव नसतो. म्हणून तोफेची खरी परीक्षा शत्रु दूर असतांना होत नाहीं. आपलें सैन्य शत्रूस जाऊन भिडतें, तेव्हां होते.

पानिपतावर मराठ्यांच्या डाव्या बगलेस इब्राहिमखान गारदी याचें कवायती पायदळ व तोफा होत्या. त्या माऱ्यानें समोरच्या रोहिल्यांची मोठी हानि झाली. इतिहासग्रंथांत पुढील प्रसंग असा सांगितला जातो : गारद्यांच्या बाजूस असलेल्या विंचूरकर व गायकवाड यांच्या घोडदळानें विजय हाताशीं आला असें समजून रोहिल्यांवर चाल केली. तें घोडदळ तोफांच्या समोर आलें, आणि आपलीं माणसें मरूं नयेत म्हणून तोफांचा मारा थांबवावा लागला. शौर्य कमी नव्हतें. तोफ आणि घोडा यांचा मेळ नव्हता. ज्याला तोफेचा आधार घ्यावयाचा, त्यानें तोफेच्या वाटेंत येऊं नये, एवढी साधी शिस्त मोडली, आणि ती फार महाग पडली.

ही अडचण आजहि सुटलेली नाहीं. कारगिलच्या शिखरांवर पायदळ चढत असतां तोफांचा मारा त्यांच्या पुढें चालू ठेवावा लागे. तो लवकर थांबला, तर शत्रु डोकें वर काढी. उशीरां थांबला, तर आपलेच शिपाई त्यांत सांपडत. म्हणून घड्याळ, नकाशा व निरोप या तिघांवर शेंकडों जीव टांगलेले असत. ज्या खेळांत आपला गोळा आपल्या माणसास लागतच नाहीं, तो खेळ युद्धांतील सर्वांत कठीण प्रश्न खेळाडूस विचारीत नाहीं.

घरीं खेळावयाचा पट

आतां विद्यार्थ्यांनीं हें स्वतः करून पाहावें. त्याला संगणक लागत नाहीं. तिघे खेळाडू, आपल्या भागाच्या नकाशाच्या तीन प्रती, दोन फांसे, दोन सोंगट्या आणि ८० चिंचोके पुरेत. नकाशावर उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी, मध्यें गोमाई नदी, आणि लोणखेडा, शहादा, सारंगखेडा, प्रकाशा हीं गांवें दाखवावीं. प्रकाशा येथें गोमाई तापीस मिळते, हेंहि त्यानिमित्त लक्षांत राहील.

१. दोन खेळाडूंनीं पाठीस पाठ लावून बसावें. तिसरा पंच. खऱ्या जागा फक्त पंचाच्या नकाशावर असतील.

२. प्रत्येकास एक तोफ, एक निरीक्षक, तीन तुकड्या व ४० चिंचोके. चिंचोका म्हणजे गोळा. तोफेचा पल्ला २४ किलोमीटर धरावा. लोणखेड्याहून प्रकाशा त्या पल्ल्याच्या पुष्कळ आंत येतें.

३. एक चाल दोन मिनिटांची मानावी. तुकडी एका चालींत २०० मीटर जाते. निरीक्षकास जें दिसण्याजोगें असेल, तेवढेंच पंचानें त्याच्या खेळाडूस सांगावें.

४. तोफ डागावयाची असल्यास जागा चिठ्ठीवर लिहून पंचाकडे द्यावी व एक चिंचोका मोजावा. पंचानें ती चिठ्ठी एक चाल राखून ठेवावी.

५. मग फांसे टाकावे. पहिल्या फांशानें गोळा कोणत्या दिशेस चुकला, व दुसऱ्यानें किती चुकला, हें ठरवावें. एका ठिपक्यास १०० मीटर. निरीक्षक त्याच जागीं असेल, तर दुसऱ्या वेळेपासून एका ठिपक्यास ५० मीटर धरावे.

६. तोफ जागेवरून हलविल्यास तीन चालींपर्यंत तिनें मारा करूं नये.

७. गोळा आपल्या तुकडीवर पडल्यास ती मेली असें समजावें. गोळा गांवावर पडल्यास पंचानें त्या गांवाचें नांव मोठ्यानें वाचावें, आणि मारणारानें दहा चिंचोके गमवावे.

हा शेवटचा नियम आम्ही मुद्दाम घातला आहे. बाजारांत मिळणाऱ्या बहुतेक युद्धखेळांत घरें असतात. परंतु घरांत कोणी राहत नाहीं. नकाशावरील गांव मोकळें आहे, असें मुलांस नकळत वाटूं लागतें. आपल्या नकाशावर मात्र तीं गांवें आपलीं आहेत. फांसा उलटा पडून पंचानें आपल्याच गांवाचें नांव वाचलें, म्हणजे चुकलेला गोळा कोठें तरी पडतोच, हें पुस्तकाच्या दहा पानांपेक्षां अधिक लवकर कळतें.

पालकांस

पालकांनीं मुलांच्या हातून हे खेळ एकदम हिसकावून घ्यावे, असें आमचें मत नाहीं. मुलगा किंवा मुलगी असा खेळ खेळत असतां जवळ बसावें आणि पांच प्रश्न विचारावे : हें तुझ्या तोफेला दिसलें कसें? गोळा पोहोंचेपर्यंत शत्रु कोठें गेला? तो नेमका तेथेंच कसा पडला? गोळे आणले कोणीं? आणि तेथें आपलीं किंवा निरपराध माणसें नव्हतीं काय? खेळ चांगला असेल, तर त्यांतील बहुतेक प्रश्नांस उत्तर मिळेल. नसेल, तर मुलें स्वतःच उणीव दाखवूं लागतील. आणि उणीव दाखवितां येणें, हें शिक्षणाचें एक मोठें फळ आहे.

आजचीं हीं मुलें उद्यां मत देणारे नागरिक होतील. युद्ध करावें कीं टाळावें, यावर तीं बोलतील. त्यांपैकीं कांहीं सैन्यांतहि जातील. ज्यानें खेळांत तरी चिठ्ठी राखून ठेवलेली पाहिली, फांसा चुकलेला पाहिला, आणि चिंचोके संपत आलेले मोजले, तो तोफेचा शब्द उच्चारण्यापूर्वीं क्षणभर थांबेल. तसा थांबणारा मनुष्य शिपाई म्हणूनहि अधिक विश्वासाचा आणि शेजारी म्हणूनहि अधिक भला असतो.